गिऱ्हाईक म्हणून आलेला पोलीस

अमेरिकेतल्या ओहायो राज्याची राजधानी कोलंबस. ११ जुलै २०१८ च्या रात्री तिथल्या ‘सायरन्स’ नावाच्या स्ट्रिप क्लबमध्ये नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती, कारण स्टॉर्मी डॅनियल्स पाहुणी म्हणून नाचायला आली होती. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी आपले संबंध आले होते, असे सांगून तिने त्या वर्षी देश ढवळून काढला होता. नाचताना ती मंचाच्या कडेला बसलेल्या गिऱ्हाइकांच्या जवळ गेली, काहींचे चेहरे तिने छातीशी धरले. त्या गिऱ्हाइकांपैकी काहीजण साध्या वेशातले पोलीस होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर तिला बेड्या पडल्या. क्लबमधल्या आणखी दोघी नर्तकींनाही अटक झाली.

गुन्हा काय, तर स्पर्श. ओहायोने २००७ मध्ये केलेल्या कायद्यानुसार अशा ठिकाणी विवस्त्र किंवा अर्धविवस्त्र नाचणाऱ्या स्त्रीने गिऱ्हाइकाला हात लावणे हा गुन्हा ठरतो. गिऱ्हाईक तिच्या अगदी जवळच्या नात्यातले असेल तरच सूट. पण त्याच दिवशी दुपारपर्यंत डॅनियल्सवरचे तिन्ही आरोप मागे घेतले गेले. हा कायदा त्या ठिकाणी ‘नियमितपणे’ नाचणाऱ्या स्त्रीलाच लागू होतो आणि ती तर एका दौऱ्यातली पाहुणी होती. चूक झाल्याचे पोलीसप्रमुखांनी मान्य केले.

या प्रकरणात मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढेच आहे. शहराचे सरकारी वकील झॅक क्लाइन यांच्या कार्यालयाने कायदा पुन्हा बारकाईने वाचला. त्यात ‘गिऱ्हाईक’ कोणाला म्हणायचे याची व्याख्या होती आणि कर्तव्यावर असलेला सरकारी नोकर त्या व्याख्येतून वगळलेला होता. म्हणजे साध्या वेशात बसलेला पोलीस कायद्याच्या नजरेत गिऱ्हाईक नव्हताच. मग त्याला झालेला स्पर्श हा गिऱ्हाइकाला झालेला स्पर्श कसा ठरेल? उरलेल्या दोन नर्तकींवरचे आरोपही टिकले नाहीत. मात्र २००७ पासून मधली अकरा वर्षे हा कायदा पुस्तकात होता आणि टेबलाशी बसलेला अनोळखी माणूस कोण आहे, या धास्तीत तिथल्या बायका रोज रात्री काम करत होत्या.

ही धास्ती समजून घ्यायची तर या धंद्याचा हिशेब आधी पाहावा लागतो. अमेरिकेतल्या बहुतेक क्लबांत नर्तकी पगारी नोकर धरली जात नाही. ती स्वतंत्र कंत्राटदार मानली जाते आणि त्या रात्री नाचण्यासाठी क्लबलाच ठरावीक रक्कम मोजते. गाणी लावणारा डीजे, दारावरचा रखवालदार, कधी बारवाला, यांनाही त्यातलाच वाटा जातो. एवढे देऊन झाल्यावर जी बक्षिसी आणि खासगी नाचाचे जे पैसे उरतील ती तिची कमाई. त्यामुळे समोरच्या प्रत्येक माणसाबद्दल तिला दोन गोष्टी झटपट ठरवाव्या लागतात. हा पैसे देईल का, आणि हा पोलीस तर नाही ना? गिऱ्हाइकाला पोलीस समजून टाळले तर रात्र रिकामी जाते. पोलिसाला गिऱ्हाईक समजले तर खटला, दंड आणि कायमची नोंद. ज्या शहरांत नाचायला परवाना लागतो तिथे परवाना जाण्याची भीती असते. मुलांच्या ताब्याचा वाद कोर्टात चालू असेल तर ही नोंद तिथेही पुढे येते.

मग ओळखायचे कशावरून? नव्या मुलींना जुन्या नर्तकी काही खुणा सांगतात. एकटाच येतो, एकच बिअर तासभर पुरवतो, नाचाकडे कमी आणि दारांकडे जास्त पाहतो. पण या खुणांचा फारसा उपयोग नाही. बुजरा माणूस असाच बसतो, दारू न पिणाराही असाच बसतो आणि पहिल्यांदा आलेला तर नक्कीच. खरी खूण बोलण्यात असते. नेहमीचे गिऱ्हाईक आडवळणाने विचारते. पोलीस मात्र नेमके काय करणार आणि नेमके किती घेणार, हे स्पष्ट शब्दांत वदवून घ्यायला बघतो. याचे कारण कायद्यात आहे. वेश्याव्यवसायाचा गुन्हा सिद्ध करायला बहुतेक राज्यांत प्रत्यक्ष कृती घडावी लागत नाही, पैशांच्या बदल्यात कृती ठरली एवढे पुरते. पोलिसाच्या खिशातल्या ध्वनिमुद्रण यंत्रावर ते ठरणे ऐकू आले पाहिजे. म्हणून जाणत्या नर्तकी नाचाचा भाव सोडून दुसरा कुठलाही आकडा तोंडातून काढत नाहीत. समोरचा फार खोदून विचारू लागला की हसून उठून जातात.

“तू पोलीस आहेस का?” असे थेट विचारले तर पोलिसाला खरे सांगावेच लागते, हा समज मात्र पूर्ण खोटा आहे. तो इतका पसरला आहे की चित्रपट आणि मालिकांतही येतो. अमेरिकेत असा कुठलाही नियम नाही. घरात गिऱ्हाईक म्हणून बोलावलेल्या गुप्त अंमलदाराने ओळख लपवून अमली पदार्थ विकत घेतले तरी तो पुरावा चालतो, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच सांगितले आहे. याहून धोक्याचा समज म्हणजे पोलीस अंगाला हात लावणार नाही, हा. त्यापायी कितीतरी बायका परीक्षा म्हणून अनोळखी माणसाला स्वतःच्या अंगाला हात लावू देतात. ती परीक्षा काहीच सिद्ध करत नाही. हवाई राज्याच्या कायद्यात तर तपासावरच्या पोलिसाला वेश्याव्यवसायविरोधी तरतुदींतून सरसकट सूट होती. २०१४ मध्ये त्यावर ओरड झाली, तेव्हा कुठे ती काढली गेली. स्वतःला वाचवण्यासाठी ज्या युक्तीवर बाई भरवसा ठेवते, त्याच युक्तीने ती जास्त उघडी पडते. हे वाचताना मला फार अस्वस्थ व्हायला होते.

गिऱ्हाईक होऊन पुरावा गोळा करण्याची ही रीत अमेरिकेत रुजली ती दारूबंदीच्या काळात. १९२० मध्ये बंदी लागू झाली आणि न्यूयॉर्कमध्ये टपालखात्यात कारकुनी करणारा इझी आइनस्टाइन बंदी खात्यात भरती झाला. बुटका, जाडा, चाळिशीचा. पोलीस वाटावा असे त्याच्यात काहीच नव्हते. मो स्मिथ या जोडीदाराबरोबर त्याने १९२५ पर्यंत ४,९३२ अटका केल्याचे सांगितले जाते. तो कधी कबर खणणारा होई, कधी मासेविक्या, कधी वादक. जाकिटाच्या खिशात त्याने एक नरसाळे शिवून घेतले होते. त्याला जोडलेल्या नळीतून दारू लपवलेल्या बाटलीत उतरे, म्हणजे पुरावा पोटात न जाता हाती राही. पुढे गुत्त्यांमध्ये त्याचा फोटो लावून ठेवत, असे म्हणतात. एकदा त्याने बारवाल्याला सरळ सांगितले की मी बंदी खात्याचा माणूस आहे. बारवाला हसला आणि त्याने ग्लास भरला.

याच काळात न्यायालयांना एक प्रश्न पडला, तो आजही मिटलेला नाही. नॉर्थ कॅरोलायनात एक गुप्त अंमलदार पर्यटक म्हणून एका माणसाच्या घरी गेला. पहिल्या महायुद्धात आपण दोघे एकाच डिव्हिजनमध्ये होतो, अशी ओळख त्याने काढली. मग दारू मागितली. यजमानाने नाही म्हटले. त्याने पुन्हा मागितली, पुन्हा नकार. तिसऱ्यांदा मागितल्यावर यजमान बाहेर गेला आणि अर्धा गॅलन दारू घेऊन आला. पाच डॉलर घेतले आणि पकडला गेला. १९३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याच्या मनात गुन्हा नव्हता त्याच्या मनात तो सरकारनेच पेरला असेल, तर आरोपीला तो बचाव घेता येतो. मात्र गुन्हा करायला जो आधीच तयार होता, त्याला नुसती संधी दिली तर तो सापळा चालतो. आपल्याकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग पावडर लावलेल्या नोटा देऊन सापळा रचतो, तेव्हाही मागणी आधी कोणी केली हाच कळीचा मुद्दा असतो. लाचखोर कारकून आधी मागतो. क्लबमधली नर्तकी मात्र गिऱ्हाइकाला खूश ठेवण्यासाठीच तिथे उभी असते आणि तिच्या तोंडून होकार निघेपर्यंत कोणीतरी पुन्हा पुन्हा नोट पुढे करत राहते. तयारी कुणाची होती आणि ढकलले कुणी, हे अशा जागी ठरवायचे कसे?

संशयाने नुसत्या नर्तकींचेच जगणे पोखरलेले नाही. साठच्या दशकात न्यूयॉर्कमधले समलिंगी पुरुष बारमध्ये याच भीतीने बसत. देखणा, बोलका साध्या वेशातला पोलीस जवळ येऊन बसे, होकार मिळाला की अटक करी. त्यात पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. स्टोनवॉल इन या बारच्या दाराला झरोका होता, आत सोडण्यापूर्वी माणूस त्यातून पारखला जाई. तरीही जून १९६९ मधल्या त्या प्रसिद्ध छाप्याच्या रात्री साध्या वेशातले पोलीस आधीच आत शिरलेले होते.

आता पुन्हा कोलंबसकडे. स्टॉर्मी डॅनियल्सच्या अटकेला दीड महिनाही झाला नव्हता. ऑगस्ट २०१८ मध्ये तिला अटक करणाऱ्याच व्हाइस पथकातला, म्हणजे वेश्याव्यवसायासारखे गुन्हे हाताळणाऱ्या पथकातला, अँड्र्यू मिचेल हा अधिकारी साध्या कपड्यांत, पोलिसांची कुठलीही खूण नसलेल्या गाडीत होता. एक तेवीस वर्षांची तरुणी त्याच्या गाडीत बसली. गाडी भिंतीला इतकी चिकटून उभी होती की तिच्या बाजूचे दार उघडता येत नव्हते. मी पोलीस आहे, असे त्याने सांगितले, पण तिचा विश्वास बसला नाही. झटापट झाली, तिने चाकूने त्याच्या हातावर वार केला, त्याने गोळ्या झाडल्या आणि ती मेली. खुनाच्या आरोपातून २०२३ मध्ये ज्यूरीने त्याला सोडले. मात्र अटकेच्या नावाखाली दुसऱ्या स्त्रियांना डांबून ठेवल्याची कबुली त्याने संघीय न्यायालयात दिली आणि त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. क्लबच्या आत बाई विचारते की हे गिऱ्हाईक पोलीस तर नाही? इथे, बंद गाडीत, प्रश्न उलटा होता. हा खरेच पोलीस आहे का? ओळख लपवण्याची मुभा ज्याला दिली, त्याच्यावर ओळख सांगितल्यानंतरही विश्वास बसत नाही, आणि त्या अविश्वासाची किंमत त्या मुलीने जिवाने मोजली. मार्च २०१९ मध्ये कोलंबसचे व्हाइस पथक बरखास्त झाले. त्याच वर्षी डॅनियल्सला साडेचार लाख डॉलर देऊन शहराने तिचा दावा मिटवला.

वेष न बदलता, गणवेशात आलेले पोलीसही कसे वागतात ते कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत दिसले. २०१३ आणि २०१४ मध्ये तिथल्या क्लबांत परवाने तपासायला आलेल्या पोलिसांनी नर्तकींना थांबवून ठेवले आणि गोंदणाची नोंद करायची म्हणून अर्धवस्त्र अवस्थेत त्यांचे फोटो काढले. त्या न्यायालयात गेल्या. शहराला सुमारे १५ लाख डॉलर मोजावे लागले.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. ऑगस्ट २००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने डान्स बार बंद झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. बड्या हॉटेलांत नाच चालेल पण साध्या बारमध्ये नाही, हा भेद न्यायालयाला पटला नाही. पुढे २०१६ चा नवा कायदा आला. आतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण थेट पोलिसांकडे जावे, अशी अट सरकारला हवी होती. म्हणजे वेष बदलून माणूस पाठवण्याचीही गरज उरली नसती, प्रत्येक गिऱ्हाईक आणि प्रत्येक नाचणारी बाई कायम पोलिसांच्या पडद्यावर राहिली असती. थेट चित्रण पाठवण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच थोपवली आणि १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सक्तीचे कॅमेरे हा खासगीपणावरचा घाला ठरवला. नोटा उधळायच्या नाहीत, पण नर्तकीला बक्षिसी देता येईल, असेही त्याच निकालात म्हटले.

अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखालच्या छाप्यांत मात्र बोगस गिऱ्हाईक आजही पहिले पाऊल टाकते. पंचांसमोर नोटांचे क्रमांक लिहून घेतात, तो आत जातो, व्यवहार ठरला की खूण करतो आणि बाहेर थांबलेले पथक आत शिरते. अल्पवयीन किंवा जबरदस्तीने आणलेल्या मुलीपर्यंत पोचायला बऱ्याचदा दुसरा मार्गच नसतो आणि अशा सुटकांचे मोल मी कमी लेखणार नाही. पण छापा पडल्यावर स्वतःच्या इच्छेने काम करणाऱ्या बाईचे काय? मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की अशा छाप्यात तिला अटक करू नये, दंड करू नये, छळू नये. ओहायोच्या कायद्यात हीच जाणीव नव्हती. तिथे सापळा जिच्या रक्षणासाठी म्हणून लावला, त्यात नेमकी तीच सापडत होती.

वॉशिंग्टन राज्यातल्या नर्तकींनी वेगळा रस्ता धरला. ‘स्ट्रिपर्स आर वर्कर्स’ या त्यांच्या संघटनेने कित्येक वर्षे आमदारांचे उंबरे झिजवले. जानेवारी २०२४ मध्ये सिएटलच्या समलिंगी बारमध्ये निरीक्षक शिरले आणि तोकड्या कपड्यांतल्या गिऱ्हाइकांचे त्यांनी फोटो काढले. त्यावर मोठा संताप उसळला आणि दोन्ही समुदाय एकत्र आले. मार्च २०२४ मध्ये गव्हर्नर जे इन्स्ली यांनी नव्या कायद्यावर सही केली. क्लबने नर्तकीकडून एका पाळीला १५० डॉलर किंवा तिच्या कमाईच्या ३० टक्के, यातली जी रक्कम कमी असेल तिच्याहून जास्त घ्यायची नाही. दारावर प्रशिक्षित रखवालदार हवा, नर्तकीच्या हाताशी धोक्याची घंटा हवी, आणि जे गिऱ्हाईक अंगावर जाते, मारते, बळजबरी करते त्याची नोंद क्लबने ठेवायची. ‘अश्लील वर्तना’चे जे नियम दाखवून निरीक्षक बारमध्ये शिरत, तेही त्याच कायद्याने रद्द झाले.