बाडसाचं माहेर

इंदूरच्या राजवाड्याच्या सातव्या मजल्यावर पडलेला पावसाचा थेंब कोणत्या समुद्राला जातो, सांगा पाहू पोरांनो.

नकाशा उघडलात तर अरबी समुद्र जवळ दिसेल. थेंब मात्र तिकडे जात नाही. चार लाकडी मजले, तीन दगडी मजले उतरून तो खाली येतो, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी कान्ह नदीत शिरतो आणि उत्तरेची वाट धरतो. उज्जैनजवळ क्षिप्रा, पुढे चंबळ, मग यमुना, प्रयागला गंगा आणि शेवटी बंगालचा उपसागर. आता खंडव्याच्या रस्त्यानं निघा. सिमरोल मागे पडलं आणि घाट लागला, की तिथे पडलेला थेंब दक्षिणेला वळतो, चोरल नदीतून बडवाहपाशी नर्मदेत उतरतो आणि भरुचच्या खाली खंबातच्या आखाताला मिळतो. एकाच ढगातून पडलेले दोन थेंब. एक पूर्वेच्या समुद्राला गेला, एक पश्चिमेच्या.

याचं कारण आपल्या पायाखाली आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले आणि त्यातून हा काळा खडक झाला. माळव्याचं पठार त्याच खडकाचं आहे आणि ते उत्तरेकडे अगदी हळू कललेलं आहे. इतकं हळू, की चालताना कळतही नाही. दक्षिणेला मात्र विंध्याची कड आली की ते एकदम तुटतं आणि खाली निमाड दिसू लागतं. त्या कडेवरून खाली उतरायचं, नर्मदेकाठी गळ टाकून बसायचं, ही आपल्या घरची दर वर्षाची सहल.

आधी नळाचंही ऐका. 1978 साली नर्मदेचं पाणी पहिल्यांदा इंदूरला आलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, पंपांनी चारशे मीटरहून जास्त उंच चढवून. म्हणजे पश्चिमेला जायला निघालेलं पाणी आपण विंध्य चढवून वर आणतो, त्यात वरण शिजवतो, भांडी घासतो, आणि मोरीतून ते निघतं कान्हच्या, म्हणजे पूर्वेच्या वाटेला. तुम्ही सकाळी तोंड धुता, ते पाणी कालपरवा कुठल्यातरी बाडसाच्या कल्ल्यांतून गेलेलं असू शकतं. म्हणून बाडसाची ओळख ठेवणं हे इंदूरकराचं कामच आहे, असं मी मानतो.

नर्मदेकाठचे लोक महाशीरला बाडस म्हणतात. शास्त्रीय नाव टोर टोर. 2011 पासून तो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे.

माझ्या वडिलांच्या काळी सगळा गोतावळा छोट्या, म्हणजे मीटरगेज गाडीनं जायचा. त्या रुळांची गोष्टही राजवाड्याशी जोडलेली आहे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 साली इंदूर ते खंडवा लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं. 1876 साली नर्मदेवरचा पूल झाला. महूहून निघालेली गाडी पाताळपाणीच्या धबधब्याजवळून कालाकुंडाकडे उतरायची, तेव्हा चाळीस फूट पुढे गेली की एक फूट खाली जायची. रेल्वेच्या मानानं हा फार उभा उतार. वडिलांच्या त्या काळी आत्या, काकू, शेजारचे लोक, वडिलांचे कचेरीतले मित्र, सगळे डब्यात कोंबलेले असायचे आणि मध्ये पातेली, बाफल्यांची कणीक, वर बांधलेल्या बांबूच्या काठ्या. आता छोटी गाडी फक्त पाताळपाणी ते कालाकुंड अशी हौशी प्रवाशांसाठी चालते. आपण मोटारीनं जातो. दिवाळीचा फराळ संपत आला, पाणी निवळलं, की निघायचं.

पावसाळ्यात का नाही जायचं, हे धाकट्यानं विचारलं होतं. 16 जून ते 15 ऑगस्ट मध्य प्रदेशात नद्यांतली मासेमारी बंद असते. त्यामागे जी गोष्ट आहे, तीच आज सांगायची आहे. पण आधी डोहाकाठी कसं बसायचं ते ऐका, कारण बाडसाची निम्मी ओळख तिथेच होते.

काठावर गप्पा मारल्या तर चालतात, पळापळ चालत नाही. असं का? आपला आवाज हवेतून येतो आणि पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून जवळजवळ सगळाच परत फिरतो. त्यातला हजारातला एखादाच भाग पाण्यात शिरतो. पाय आपटला तर मात्र हादरा जमिनीतून, खडकातून थेट पाण्यात जातो, आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगानं पळतो. माशाला बाहेर कान दिसत नाहीत, म्हणून तो बहिरा समजू नका. बाडसाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यामुळे तो पाण्यात तोलून राहतो. आवाज आला की ती पिशवी थरथरते. पिशवीपासून आतल्या कानापर्यंत दोन्ही बाजूंना चार चार चिमुकल्या हाडांची साखळी असते आणि ती थरथर कानापर्यंत पोचवते. एर्न्स्ट वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1820 साली ही हाडं नीट दाखवून दिली, म्हणून ती वेबरची हाडं. रोहू, कटला, शिंगाळा या सगळ्यांना ती असतात. म्हणजे बाडस पोटानं ऐकतो म्हटलं तरी चालेल. तुम्ही मोटारीतून उतरून दगडावर उड्या मारल्यात, की डोहातल्या शहाण्या माशांना कळतं की इंदूरची पोरं आली.

दुसरं, उभं राहायचं नाही. पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला सगळं आकाश डोक्यावरच्या एका गोल उजेडात दाटलेलं दिसतं, कारण पाण्यात शिरताना प्रकाशाचा किरण वाकतो. हा गोल 97 अंशांचा. मासा एक मीटर खोल असेल तर पृष्ठभागावर तो सव्वादोन मीटर रुंद होतो. त्या गोलाबाहेर पाण्याची खालची बाजू आरशासारखी चकाकते आणि तिच्यात नदीचा तळच दिसतो. उभा माणूस त्या गोलात ठळक येतो. बसलेला माणूस गोलाच्या अगदी कडेला जातो, चपटा आणि अंधुक होतो. म्हणून वडील आम्हाला मांडी घालून बसवायचे. मोरपिसाच्या देठाचा तरंगा पाण्यावर, गळाला कणकेची गोळी, आणि आम्ही झाडाच्या सावलीत.

कणकेची गोळी बाडस डोळ्यांनी हेरतो, पण ती गिळायची की नाही हे मिशा ठरवतात. त्याच्या तोंडाभोवती मिशांच्या दोन जोड्या असतात आणि त्यांच्यावर जिभेसारखी चव कळणारी ठिकाणं असतात. तोंडात घेण्याआधीच त्यानं चव घेतलेली असते! हाताला तंबाखूचा किंवा साबणाचा वास असला तर गोळी तशीच राहते. आमच्याकडे कणीक मळायचं काम नेहमी आत्याकडे असायचं, आणि ती हात मातीनं घासून मगच कणकेला लावायची.

आणि एवढ्या मोठ्या माशाच्या जबड्यात एकही दात नाही. बोट घातलं तर काही होत नाही. पण ते बोट घशापर्यंत न्यायचं नाही, कारण दात घशात आहेत. दोन्ही बाजूंना तीन ओळी, पाच, तीन आणि दोन अशा. वर डोक्याच्या हाडाला टणक गादी असते, तिच्यावर हे दात दाबून तो शंख-शिंपले फोडतो, बिया भरडतो. काठावरच्या उंबराची फळं पाण्यात पडली की त्याची चंगळ. पाणी खवळलेलं असो, संथ असो, झाडाखालचा डोह त्याला माहीत असतो. ज्या काठावरची उंबरं तुटली, तिथला बाडस उपाशी राहिला, हे लक्षात ठेवा.

गळाला लागलाच, तर आपल्या घरचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. जेवणासाठी दुसरे मासे असतात. बाडस परत पाण्यात. कोरड्या हातानं धरायचा नाही, कारण अंगावरचा बुळबुळीत थर पुसला गेला की त्याला रोग लागतो. पाण्यातच धरायचा, गळ काढायचा, तोंड प्रवाहाकडे करून थांबायचं आणि तो आपण होऊन निघाला की हात सोडायचा. कधी एखादा खवला हातात राहून जातो. तो मी जपून आणतो. बाडसाचे खवले फार मोठे असतात. डोक्यापासून शेपटीपर्यंत एका ओळीत पंचवीसच्या आसपासच बसतात, रोहूच्या त्याच ओळीत चाळीसहून अधिक. खवला भिंगाखाली धरला की त्यावर बारीक वर्तुळं दिसतात. मासा जोमानं वाढतो तेव्हा ती लांब लांब पडतात, वाढ मंदावली की जवळ जवळ येतात, आणि अशा दाट पट्ट्या मोजून माशाचं वय काढता येतं. मोठी ताई मागच्या खेपेला हा हिशेब करत बसली होती आणि जेवायलाही उठली नाही, याचा मला फार आनंद झाला.

आता पावसाळ्याची गोष्ट.

उन्हाळाभर बाडस नर्मदेच्या खोल डोहांत राहतो. जूनमध्ये विंध्यावर पाऊस कोसळतो, चोरलसारख्या लहान नद्या एका रात्रीत भरतात, आणि त्यांचं गार, गढूळ, प्राणवायूनं भरलेलं पाणी नर्मदेत येऊन मिसळतं. डोहातल्या मादीला त्या पाण्याची चव लागते आणि ती निघते. मोठी नदी सोडून, धारेच्या उलट, उड्या मारत, लहान नदीत वर. बाई बाळंतपणाला माहेरी जाते, तशी. मोठं घर सासरचं असतं. पण पहिले दिवस सुखरूप जायला आईचं लहान घर लागतं.

त्या लहान नदीत काय असतं? वाळू आणि गोटे, त्यांच्यावरून खळाळणारं उथळ पाणी. बाडसाची अंडी पिवळसर सोनेरी, पाण्यापेक्षा जड. ती तरंगत नाहीत, गोट्यांच्या फटींत बसतात. वरून वाहतं पाणी गेलं नाही तर ती गुदमरतात. चिखल बसला तरी गुदमरतात. मादी सगळी अंडी एका दमात घालत नाही, टप्प्याटप्प्यानं घालते. पहिल्या खेपेची पुरात वाहून गेली तर दुसरी खेप वाचेल, दुसरी उन्हानं सुकली तर तिसरी. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात, आणि पहिलं काम काय करतात माहीत आहे? उजेडापासून पळतात. पोटाला अन्नाची पिवळी पिशवी चिकटलेली असते, ती संपेपर्यंत गोट्यांखालच्या अंधारात डोकी खुपसून एकमेकांना बिलगून पडून राहतात. नीट पोहता येऊ लागलं की मगच बाहेर. म्हणून ती दोन महिन्यांची बंदी. त्या दिवसांत पकडलेली एक मादी म्हणजे तिच्या पोटातली सगळी पिढी.

पण फक्त जाळं बंद ठेवून भागलं नाही. 1960 च्या दशकातल्या नोंदींत नर्मदेत पकडलेल्या माशांत चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त, महाशीर असे. आज गळ टाकून बसलेला माणूस दिवसभरात एक बाडस दिसला तरी घरी फोन करून सांगतो. मधल्या काळात नदीवर बर्गी धरण झालं, 2005 च्या सुमाराला इंदिरासागर भरलं, मग ओंकारेश्वर. धरणांनी वीज दिली, शेतं भिजवली, हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण वाहत्या नदीचे लांब लांब पट्टे तळी झाले. तळ्यात कटला फोफावतो. बाडसाला धार लागते. भिंतीमुळे वर जाणं अडलं, आणि ज्या लहान नद्या मोकळ्या उरल्या, त्यांतून वाळू आणि गोटे भरून जाऊ लागले. माहेर होतं, तिथली जमीनच उचलून नेली.

म्हणून बडवाहच्या वन विभागानं जे काम हाती घेतलं, ते मला फार मोलाचं वाटतं. चोरलच्या खोऱ्यात त्यांनी बाडसासाठी वाहत्या पाण्याची तळी केली, आत वाळू-गोटे घातले आणि पाळलेल्या माशांची वीण व्हावी म्हणून खटपट केली. आपल्या महाराष्ट्रात याच कुळातल्या दुसऱ्या जातीसाठी, टोर खुद्रीसाठी, लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं 1970 च्या दशकापासून हे केलं आहे. मादीचं पोट हलकेच दाबून अंडी काढायची, त्यांत नराचं वीर्य मिसळायचं, वाहत्या पाण्याच्या ताटांत उबवायची. तिथे वाढलेली लाखो पिल्लं देशभरच्या नद्यांना गेली. ज्या कर्नल साइक्सनं 1839 साली या जातीचं वर्णन लिहिलं, त्यानं ती पुण्याच्या मुळा-मुठेत पाहिली होती. तिथे आज ती शोधून दाखवा, म्हटलं तर अवघड आहे. पिल्लं सोडता येतात, नदी सोडता येत नाही.

तेव्हा दिवाळीनंतर चोरलच्या काठी जाल, तेव्हा तुमचं काम मी आधीच वाटून देतो. ताईनं भिंग आणि वही घ्यायची. धाकट्यानं उंबराच्या चार-पाच फांद्या ओल्या फडक्यात बांधून आणायच्या. काठावर खोचायच्या आहेत, उंबर फांदीवरून लागतं. आणि पाण्यातला गोटा उलटून बघायची तुम्हा सगळ्यांना हौस आहे, ती जरूर पुरवा. खालच्या अंगाला चपटे, तीन शेपट्यांचे किडे चिकटलेले दिसतील, बाडसाची लहान पिल्लं तेच खातात. बघून झालं की गोटा होता तिथेच, होता त्याच अंगावर ठेवायचा, उपडा नाही. उपडा ठेवलात तर किडे उन्हात येतात आणि शेवाळ अंधारात जातं, आणि दोन्ही मरतात.