उकळले म्हणजे पाणी शुद्ध झाले का?

पालघरहून बोईसरकडे निघालो की वाटेत कोळगाव लागते. 2014 साली पालघर जिल्हा झाला आणि पुढे मुख्यालय इथे आले. याच रस्त्याने पुढे तारापूरची औद्योगिक वसाहत. आपल्या वस्त्यांतले कितीतरी लोक तिथे कामाला जातात. म्हणून कारखान्यांच्या सांडपाण्याचा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूरला 100 पैकी 93.69 गुण मिळाले. इथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण, आणि देशात तारापूरच वरचे ठरले. कारखान्यांचे पाणी शुद्ध करणाऱ्या सामाईक केंद्राची क्षमता रोज 25 दशलक्ष लिटर होती आणि येणारे पाणी त्याहून जास्त. खाडीतली मासेमारी बुडू लागली, तेव्हा अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 मध्ये हरित लवादाकडे गेली. 24 जानेवारी 2022 रोजी लवादाने कारखाने आणि केंद्र यांच्यावर भरपाई बसवली. दरम्यान 50 दशलक्ष लिटरच्या नव्या केंद्राचे कामही हाती घेतले गेले.

केंद्रात काय होते? आधी गाळ खाली बसवतात. मग हवा सोडून जिवाणू वाढवतात. ते सडणारी घाण खातात. पण रंग, क्षार, जड धातू आणि काही रसायने जिवाणूंना पचत नाहीत. त्यासाठी पुढची पायरी लागते: वाळूची गाळणी, कोळशाची गाळणी, शेवटी आरओसारखा बारीक पडदा. हे खर्चाचे काम आहे. शिवाय क्षमतेपेक्षा जास्त पाणी आले की जिवाणूंना वेळच मिळत नाही आणि घाण तशीच पुढे जाते.

आता घरातली गोष्ट. पाणी उकळले की जंतू मरतात. मेडिक्लोरनेही मरतात. तुरटीने गढूळपणा बसतो. पण यांपैकी कशानेही जड धातू किंवा क्षार जात नाहीत. उलट जास्त वेळ उकळले तर पाणी आटते आणि ते घट्ट होतात. म्हणून:

– विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याला रंग, तेलाचा तवंग किंवा औषधासारखा वास असेल तर ते पिऊ नका, स्वयंपाकालाही घेऊ नका.
– ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. अर्जाची पोच घ्या.
– नाल्यात रंगीत पाणी दिसले तर तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा. रात्री आणि पहिल्या पावसात विशेष लक्ष ठेवा.
– मेलेले मासे तरंगताना दिसले तर उचलून घरी आणू नका.

टाक्या साफ करायच्या कामावर आपलीच पोरे पाठवली जातात. गाळात सडक्या अंड्याच्या वासाचा वायू असतो. तो वाढला की नाक बधिर होते, वास येईनासा होतो, आणि माणूस कोसळतो. वास गेला म्हणजे धोका गेला असे समजू नका. वायूची तपासणी, श्वासाचे साधन आणि बाहेर दोरी धरणारा माणूस नसेल तर टाकीत उतरू नका. कोणी आत पडला तर त्याच्या मागे उडी घेऊ नका. 101 ला फोन करा. 2013 च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाला साधनांशिवाय उतरवण्यास बंदी आहे. ठेकेदाराला हे तोंडावर सांगा.