हिरवा पडदा ब्राउझरमध्ये आला, पण काम का मंदावले?

(प्रतिनिधी)

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे, माऊसचा पत्ता नाही आणि काऊंटरमागच्या कर्मचाऱ्याची बोटे मात्र कळफलकावर झरझर चालताहेत, हे दृश्य अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. जगभरातील अनेक बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांचा कारभार आजही अशा जुन्या प्रणालींवर चालतो. हा पडदा ब्राउझरमध्ये आणून देणारी साधने बाजारात उपलब्ध आहेत. मात्र ती बसवल्यावर ‘पडदा देखणा झाला, पण काम मंदावले’ अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. तिचे मूळ संगणकाच्या ताकदीत क्वचितच असते. बहुधा ते साधनाच्या थांबण्यात असते.

एक पडदा, १९२० अक्षरे

आयबीएमने १९७१ मध्ये ‘३२७०’ ही टर्मिनलची मालिका जाहीर केली. तिच्या सर्वाधिक रुळलेल्या पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, म्हणजे एकूण १९२० अक्षरे मावतात. कर्मचारी रकाने भरत असताना मेनफ्रेमला त्याची खबरही नसते. ‘एंटर’ किंवा एखादी फंक्शन कळ दाबली की भरलेली माहिती एकदम रवाना होते आणि उत्तरादाखल नवा पडदा येतो. ही देवाणघेवाण जेमतेम दोन-चार हजार बाइटांची असल्याने संथ तारांवरही ही यंत्रणा चपळ राहिली.

डेक कंपनीच्या १९७८ सालच्या ‘व्हीटी १००’ या टर्मिनलची रीत निराळी. तेथे दाबलेली प्रत्येक कळ सहसा मुख्य संगणकापर्यंत जाते आणि तिकडून परतलेले अक्षर पडद्यावर उमटते.

मधला दुभाषा

रूपांतराचे साधन मेनफ्रेमसमोर टर्मिनलचे सोंग घेते आणि ब्राउझरसमोर वेब सर्व्हरचे. आयबीएमचे ‘होस्ट ॲक्सेस ट्रान्सफॉर्मेशन सर्व्हिसेस’ याच जातकुळीतले. आलेला पडदा कोणता हे ते ओळखते आणि त्यावरून वेबपान तयार करते. मूळ कोबोल प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

ओळखणे आणि पान रचणे ही कामे आजच्या सर्व्हरला जड नाहीत. अडचण वेगळीच आहे. मेनफ्रेम एकच पडदा कधी कधी दोन-तीन हप्त्यांत पाठवते. पडदा पूर्ण झाला हे माणसाला नजरेने कळते, साधनाला नाही. ‘३२७०’मध्ये कळफलक मोकळा झाल्याची खूण येते, पण ती आली म्हणजे सारे काही आले, असे दर वेळी नसते. ‘व्हीटी’ प्रकारात तर तशी खूणच नसते. त्यामुळे ‘आणखी काही येते का’ हे पाहण्यासाठी साधन ठरावीक काळ थांबते. अर्धवट पडदा दाखवण्यापेक्षा थांबलेले बरे, हा त्यामागचा विचार.

मिनिटांचा हिशेब

समजा, हा थांबा एक सेकंदाचा आहे. एका व्यवहाराला पाच पडदे आणि दिवसाला २०० व्यवहार धरले, तर एका कर्मचाऱ्याचे रोज १००० सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटे वाया जातात. शंभर कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात हीच बेरीज रोज सुमारे २८ तासांवर पोहोचते.

त्यात सवयीची भर पडते. सराईत कर्मचारी पुढचा पडदा येण्यापूर्वीच त्यावरची माहिती टाइप करू लागतो. टर्मिनलच्या अनेक प्रोग्रॅममध्ये या कळा साठवून ठेवल्या जातात. ब्राउझरमध्ये पान बदलताना त्या हरवू शकतात. मग त्याला प्रत्येक पानासाठी हात रोखावा लागतो.

उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे सरसकट थांबा काढून प्रत्येक पडद्याची स्वतंत्र खूण ठरवणे. अमुक ठिकाणी अमुक शब्द दिसला किंवा कर्सर नेमक्या रकान्यात आला की पडदा पूर्ण समजायचा. दुसरा, पाच पडद्यांचे काम एका वेबपानावर आणणे. मधले पडदे साधनाने स्वतःच ओलांडायचे. तिसरा, बदललेला भागच ब्राउझरकडे पाठवणे. त्यासाठी २०११ मध्ये प्रमाणित झालेले ‘वेबसॉकेट’ उपयोगी पडते. लॉगिन झालेली सत्रे तयार ठेवल्यानेही वेळ वाचतो. मात्र व्यवहार कोणी केला याची नोंद आवश्यक असेल, तेथे हा मार्ग जपूनच वापरावा लागतो.

परदेशी बँकांच्या मेनफ्रेमची देखभाल पुण्या-मुंबईतील सॉफ्टवेअर कंपन्यांतही होत असल्याने हा प्रश्न येथील अभियंत्यांना परका नाही. त्यांच्यासाठी आणि साधन विकत घेणाऱ्या संस्थांसाठीही खरी कसोटी साधीच आहे. एक पान किती वेळात उघडते, हे मोजणे पुरेसे नाही. गर्दीच्या वेळी अनुभवी कर्मचाऱ्याला बसवून तोच व्यवहार जुन्या आणि नव्या पद्धतीने पूर्ण करून घ्यावा आणि दोन्ही वेळा घड्याळ लावावे. नव्या पडद्याने वेळ वाढवला, तर त्याची किंमत काऊंटरसमोर रांगेत उभा असलेला ग्राहक मोजणार आहे.