मंगळावरची सहा मिनिटे

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात केंदूर हे गाव आहे. तेथून उत्तरेकडे जुन्नर तालुक्यात गेलो, की नारायणगावजवळ खोडद हे गाव लागते. या परिसरात शेतामळ्यांमध्ये जाळीच्या मोठमोठ्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. अशा ३० तबकड्या मिळून एक प्रचंड रेडिओ दुर्बीण तयार होते. थोर शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. ही दुर्बीण डोळ्यांनी पाहत नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ती जणू कानांनी ऐकते.

१९ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री ही दुर्बीण मंगळाकडे वळली होती. युरोपचे 'स्कियापारेली' नावाचे यान त्या रात्री मंगळावर उतरणार होते. पुढे मंगळावर फिरती गाडी उतरवायची होती. त्याआधी उतरण्याच्या युक्त्या तपासून पाहाव्यात, म्हणून हे यान पाठवले होते.

मंगळावर उतरणे एवढे कठीण का असते? पहिली अडचण वेगाची. हे यान ताशी सुमारे २१,००० किलोमीटर वेगाने मंगळाच्या हवेत शिरणार होते. तेथून जमिनीवर पोहोचायला त्याला सहाच मिनिटे लागणार होती. तेवढ्या वेळात हा वेग जवळजवळ शून्यावर आणायचा होता.

दुसरी अडचण हवेची. मंगळावरची हवा पृथ्वीवरच्या हवेच्या मानाने शंभरपट विरळ आहे. यान तापून जळून जाईल, एवढी ती नक्कीच आहे. पण नुसत्या पॅराशूटने यान अलगद खाली यावे, एवढी ती दाट नाही. म्हणून तीन उपाय एकापाठोपाठ एक करावे लागतात. आधी उष्णतारोधक ढाल हवेशी घासून वेग कमी करते. मग पॅराशूट उघडते. शेवटी छोटी इंजिने खालच्या दिशेने वायू सोडतात आणि यानाला सावरतात.

तिसरी अडचण अंतराची. त्या दिवशी मंगळ आपल्यापासून सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर दूर होता. रेडिओलहरींना तेथून येथे यायला जवळजवळ दहा मिनिटे लागत होती. म्हणजे यान हवेत शिरल्याची खबर पृथ्वीवर पोहोचण्याआधीच तिकडे सारा निकाल लागलेला असणार! अशा वेळी पृथ्वीवरून हुकूम देऊन काय उपयोग? सारे निर्णय यानातल्या संगणकालाच घ्यावे लागतात.

भारतात रात्रीचे साडेआठ वाजत आले होते. यानाचा क्षीण आवाज खोडदच्या दुर्बिणीला ऐकू येत होता. ढालीने आपले काम चोख केले. पॅराशूटही उघडले. पण यान जमिनीवर टेकायला मिनिटभराहूनही कमी वेळ उरला असताना आवाज अचानक थांबला. पुन्हा तो आलाच नाही.

काय झाले होते? यान किती जोराने डोलते, हे मोजणारे एक उपकरण त्यात होते. पॅराशूट उघडल्यावर यान अपेक्षेपेक्षा जास्त जोराने डोलले. उपकरणाला मोजता येईल ते सर्वांत मोठे माप त्याने दाखवले आणि सुमारे एक सेकंदभर तेच दाखवत राहिले. संगणकाने त्यावर भरवसा ठेवून हिशेब केला. उत्तर आले, की यान जमिनीच्याही खाली आहे! प्रत्यक्षात ते जमिनीपासून सुमारे पावणेचार किलोमीटर उंच होते. संगणकाने पॅराशूट सोडून दिले. इंजिने जेमतेम तीन सेकंद चालवून बंद केली. यान दगडासारखे कोसळले.

मग सारी मेहनत वाया गेली का? नाही. त्याच्यासोबत गेलेले दुसरे यान त्याच वेळी मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरत होते. पडणाऱ्या यानाने पाठवलेली माहिती त्याने टिपून घेतली होती. तिच्यावरूनच शास्त्रज्ञांनी ही चूक शोधून काढली.

आपल्या देशालाही असा अनुभव आला आहे. २०१९ मध्ये चंद्रयान-२ चे 'विक्रम' यान चंद्रावर कोसळले. शास्त्रज्ञ खचले नाहीत. त्यांनी चुका शोधल्या, यानाचे पाय अधिक मजबूत केले आणि उतरण्यासाठी अधिक मोठी जागा निवडली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्रावर अलगद उतरले आणि 'प्रज्ञान' ही सहा चाकांची गाडी तेथे फिरू लागली.

चूक होणे ही लाजेची गोष्ट नाही. चूक लपवणे ही मात्र लाजेची गोष्ट आहे. जो आपल्या चुकीचा नीट हिशेब मांडतो, त्याचेच पुढचे पाऊल भक्कम पडते.

शब्दार्थ
विरळ – दाट नसलेले
क्षीण – अगदी कमजोर
उष्णतारोधक – उष्णता अडवणारे
अलगद – हळुवारपणे, धक्का न लागता
भक्कम – मजबूत

स्वाध्याय
१. खोडदची दुर्बीण इतर दुर्बिणींपेक्षा वेगळी कशी आहे?
२. मंगळावर उतरताना कोणत्या तीन अडचणी येतात?
३. कारण सांगा : यान उतरत असताना पृथ्वीवरून हुकूम देऊन उपयोग नसतो.
४. 'दगडासारखे कोसळणे' हा शब्दप्रयोग वाक्यात वापरा.
५. तुमच्या एखाद्या चुकीतून तुम्ही काय शिकलात, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.