दगड लागला, तरी तक्रार नाही

लेखमाला : पाटीवरची अक्षरे – भाग ७

गेल्या आठवड्यात आपण जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेच्या दारापर्यंत आलो होतो. आज आत जाऊन एका विद्यार्थिनीपाशी थांबू.

मुक्ता साळवे. मांग समाजातली, लहूजी वस्तादांच्या नात्यातली, वय वर्षे चौदा. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ने १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हप्त्यांत छापला. शाळा चालवणाऱ्या सावित्रीबाई तेव्हा स्वतःच चोवीस वर्षांच्या होत्या.

हा निबंध आठवला जातो तो त्यातल्या रोखठोक सवालासाठी : वेद जर ब्राह्मणांचेच, तर मग आमचा धर्म कोणता? भाषणात या जागी टाळी हमखास पडते. पेशवाईतल्या छळाची वर्णनेही सांगितली जातात. पेशवाई बुडून तेव्हा सदतीस वर्षे झाली होती, म्हणजे मुक्ताने हे ऐकले असणार वडीलधाऱ्यांकडून. त्यातला एक तपशील मला विसरता येत नाही. मांग-महार लिहू-वाचू लागल्याचे कळले की बाजीराव म्हणे विचारी, यांनी ब्राह्मणांची कामे केली तर ब्राह्मणांनी काय काखेत धोकटी मारून हजामती करत फिरायचे? शिक्षण नाकारण्यात शास्त्र किती आणि नोकरीची धास्ती किती, हे या पोरीने त्या एका धोकटीत बांधून ठेवले आहे.

पण मी जास्त रेंगाळते ते पुढे, तिचा आवाज खाली येतो तिथे. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसते, ती सांगते. थंडी, वारा, पाऊस सगळे अंगावर. बाळंतरोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसा कुठला? आणि वाचणाऱ्याला म्हणते, स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहा. आता हा अनुभव असलेली आणि शिवाय वाचता येणारी बाई त्या पुण्यात कितीशी सापडली असती! जातीचे दुःख आणि बाईपणाचे दुःख एकाच बाजेवर कसे येते, यावर आज विद्यापीठांतून जाडजूड पुस्तके निघतात. मुक्ताला ते बिनछपराच्या घरात दिसले होते.

त्यानंतर दगडाची गोष्ट. ब्राह्मणांची मुले दगड मारतात, मांग-महाराच्या पोराचे रक्त निघते, तरी ते सरकारात फिर्याद नेत नाही. का, तर उष्टे मागायला त्याच घरी जायचे असते.

समावेशक शिक्षणावरची परिपत्रके वाचताना मला हे पोर आठवते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांनाही प्रवेशाच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायला लावल्या, आठवीपर्यंत फी माफ. कायदा चांगलाच आहे, त्याने हजारो घरांतली पहिली पिढी अशा शाळांत पोचली. पण फिर्याद करण्याचा हक्क असणे वेगळे आणि ती करणे परवडणे वेगळे.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंच्या मुलीला याच २५ टक्क्यांतून जवळच्या एका शाळेत प्रवेश मिळाला. दुसरीत असताना स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी पोशाखाचे पैसे मागितले. ते देता आले नाहीत, म्हणून मुलीला नाचातून काढून पडदा ओढायला उभे केले. मी तावातावाने म्हटले, शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करू, मी लिहून देते. बाईंनी परातीतले पीठ सारखे केले, तेलाचा हात लावून गोळा झाकून ठेवला.

“नको ताई,” त्या म्हणाल्या, “पोरीला अजून सहा वर्सं तिथंच काढायचीत.”