'अपसेट' म्हणजे नेमके काय?

शाळेतून चिठ्ठी येते, की मूल आज 'अपसेट' होते. आपण लगेच विचारतो, "कोणाशी भांडलास?" प्रत्यक्षात ते रडलेले असते, किंवा नुसते घाबरलेले. आपल्या कानांना हा शब्द रागाचा वाटतो. इंग्रजीत मात्र तो राग, दुःख, काळजी, मन दुखावणे या सर्वांना चालतो.

त्याचा फार जुना अर्थ 'उभे करणे'. पुढे तो 'उलथून पाडणे' असा झाला. म्हणूनच पोट बिघडले तरी अपसेट, आणि दुबळ्या संघाने बलाढ्य संघाला हरवले तरी अपसेट, जसा आपला १९८३ चा विश्वचषक! १९१९ साली साराटोगाला 'मॅन ओ' वॉर' या नामांकित घोड्याला 'अपसेट' नावाच्याच घोड्याने हरवले. खेळातला अर्थ तेथूनच आला असे सांगतात. पण तो त्याआधीही वर्तमानपत्रांत छापला जात होता.

मराठीत मूल रुसते, चिडते, हिरमुसते, धास्तावते. प्रत्येकाचा उपाय निराळा. रुसलेल्याची समजूत घालायची, धास्तावलेल्याला जवळ घ्यायचे. म्हणून मुलाने "आय ॲम अपसेट" म्हटले, की आपण तेवढ्यावर थांबू नये, असे आम्हाला वाटते. "राग आला, वाईट वाटलं, की भीती वाटली?" असे विचारावे. त्याच्या मनातले नेमके कळेल, आणि चार मराठी शब्दही सहज त्याच्या तोंडी बसतील.