जीपची ट्रान्सफर केस घरी उघडताना

डोंगराकडच्या गावांत जुन्या फोर व्हील जीपवर किती कामं चालतात, ते तुम्हाला सांगायला नको. भाजी, दूध, रेशनचं धान्य आणि अडीनडीला बाळंतीणसुद्धा तिच्यातूनच जाते. मग पावसाळ्याच्या तोंडावर गॅरेजमधून निरोप येतो, "ट्रान्सफर गेली, अख्खी पेटी बदला." आकडा ऐकून गटाच्या बैठकीत सगळ्या गप्प होतात.

आज आम्ही या पेटीबद्दल बोलणार आहोत. आमचं म्हणणं एवढंच, की अख्खी पेटी सहसा जात नाही. तिचं घर ओतीव लोखंडाचं असतं. झिजतात त्या आतल्या मोजक्या वस्तू, आणि त्या डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखता येतात. ओसरीवर पेटी उघडून त्या बदलता येतात. मात्र जीपखाली हात घालण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायची, कारण तिच्यावर जीव अवलंबून आहे. तीही सांगतो.

कोणती जीप, ते आधी सांगतो. जुन्या महिंद्रा सीजे जीप अमेरिकेतल्या विलीज जीपच्या घडणीवर आहेत. विलीज दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बनली आणि १९४१ पासून तिच्यात स्पायसर १८ नावाची ट्रान्सफर केस होती. आजचं बोलणं त्याच घडणीच्या पेटीचं आहे. नव्या गाड्यांत पेटी वेगळी असते. काहींत आत साखळी असते, काहींची पेटी बटणावर चालते. त्यांना हे लागू नाही.

पेटी करते काय?

इंजिनाची ताकद आधी मोठ्या गिअरबॉक्समध्ये येते. तिच्या पाठीला ही पेटी बोल्टने बसवलेली असते. पेटीतून दोन दांडे निघतात, एक मागच्या चाकांकडे आणि एक पुढच्या. चिखलाच्या रानात नांगराला दुसरी बैलजोडी जुंपावी, तशी ही पेटी पुढची चाकं कामाला लावते. शिवाय तिच्यात हाय, न्यूट्रल आणि लो असतात. लो टाकला की वेग साधारण अडीच पट घटतो आणि ओढ तेवढीच वाढते. भरलेली जीप लोमध्ये घाट चढते ती यामुळे.

पेटीत मधोमध एक जोडगिअर असतो. एका जाड शाफ्टवर, बारीक सुयांसारख्या बेरिंगवर तो फिरतो. जीप हायमध्ये पळो की लोमध्ये रांगो, सगळी ताकद त्याच्यातूनच जाते. म्हणून पहिली झीज दिसते ती तिथेच: शाफ्टला, सुयांना आणि दोन्ही टोकांच्या वायसरांना.

जीव सांभाळायची गोष्ट

आपण उतारावर जीप गिअरमध्ये टाकून ठेवतो आणि निर्धास्त होतो. पण ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये असेल, तर मोठा गिअर चाकांना धरू शकत नाही. जीप गिअरमध्ये असूनही घरंगळते. बऱ्याच जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रमही याच पेटीच्या मागे असतो, चाकांवर नसतो. म्हणजे मागचा दांडा सोडला, की हँडब्रेकही चाकांना धरत नाही. पेटी उतरवली तर गिअरही गेला आणि ब्रेकही गेला.

म्हणून काम सपाट जागेवरच करायचं. एकही बोल्ट सोडण्याआधी चारही चाकांना पुढून-मागून उटी लावायची. जीप उचलली असेल तर नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, लोखंडी स्टँड हवेतच. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक रचायचे नाहीत, ते वजनाने फुटतात. पोरांना अंगणातून दूर ठेवायचं आणि एकटीने कधी काम करायचं नाही.

उघडण्याआधी तपासणी

आवाज आला म्हणजे पेटीच गेली, असं नाही. ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना "ठक" वाजत असेल, तर आधी दांड्यांच्या जॉइंटचे क्रॉस हाताने हलवून पाहा. तिथे ढिलेपणा असेल तर काम स्वस्तात भागतं. वेगाबरोबर वाढणारी घरघर सगळ्या गिअरांत येत असेल, तर बेरिंग किंवा मधला शाफ्ट पाहायचा. लो आपोआप सुटत असेल, तर गिअरच्या दातांच्या कडा गोल झाल्या असतील, फोर्क झिजला असेल किंवा लिव्हरच्या दांडीला धरणारी गोळी-स्प्रिंग मऊ पडली असेल. ऑइल ठिबकत असेल, तर सीलबरोबर हवा सोडणारा छोटा ब्रीदरही पाहायचा. तो चिखलाने बुजला, की आतली गरम हवा सीलमधून वाट काढते आणि नवं सीलही गळू लागतं.

मग ऑइल काढायचं. दुधट दिसलं तर ओढा ओलांडताना पाणी शिरलं आहे. तळाला बारीक राखाडी गाळ असेल तर ती रोजची झीज. लोखंडाचे तुकडे किंवा तुटलेल्या सुया दिसल्या, तर मात्र जीप आणखी चालवायची नाही. एखाद्या वेळी इथलं ऑइल कमी आणि गिअरबॉक्समधलं वाढलेलं सापडतं. दोन्ही पेट्या एका शाफ्टने जोडलेल्या असल्याने ऑइल इकडून तिकडे जातं. म्हणून दोन्हीकडचं मोजायचं.

उतरवणं आणि उघडणं

दोन्ही दांडे, हँडब्रेकची आणि मीटरची केबल, लिव्हर हे सगळं सोडायचं. गिअरबॉक्सच्या खालचा आडवा बीम काढण्याआधी इंजिनाला खालून आधार द्यायचा. पेटीच्या मागचं झाकण काढलं की एक मोठा नट दिसतो. त्याने गिअरबॉक्सचा शाफ्ट पेटीतल्या गिअरशी बांधलेला असतो. तो नट आणि गिअर काढल्याशिवाय पेटी ओढायची नाही. ओढली तर गिअरबॉक्सचा शाफ्टही सोबत सरकतो आणि एका कामाची दोन कामं होतात. पेटी जड असते, ती दोघी-तिघींनी मिळून उतरवायची.

खाली स्वच्छ गोणपाट किंवा जुनी चादर अंथरा. जे निघेल ते निघालेल्या क्रमाने मांडा आणि मोबाइलवर फोटो काढत जा. खालचं झाकण आणि मागची लॉकपट्टी काढली, की मधला शाफ्ट पितळेच्या पंचने हळूहळू मागच्या बाजूला ठोकायचा. लोखंडी पंचने त्याचं टोक पसरतं. जोडगिअर खालून बाहेर येतो. सुया सुट्या असतील तर प्रत्येक सुई मोजून डबीत ठेवा. पुढच्या झाकणात दोन लिव्हरदांड्यांच्या मध्ये एक छोटी गोळीवजा कडी असते. तिच्यामुळे पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडत नाही, आणि लोची सगळी ओढ एकट्या मागच्या ॲक्सलवर येत नाही. ती हरवू देऊ नका.

सगळं डिझेलने धुऊन उजेडात पाहायचं. धुताना आसपास चूल किंवा बिडी नको. शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकलं तर शाफ्ट बदलायचा. दात नुसते चकचकीत असतील तर चालतील, खड्डे पडलेले किंवा कोपरे उडालेले असतील तर चालणार नाहीत. शाफ्ट ज्या भोकात बसतो ते भोक सैल झालं असेल, तर नवा शाफ्ट टाकूनही ऑइल पाझरेल. ते लेथवाल्याला दाखवायचं. घट्ट बसलेलं बेरिंग काढणं-बसवणंही प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्येच करून घ्यायचं.

सामान आणताना जुना भाग सोबत न्यायचा. या घडणीत मधला शाफ्ट तीन जाडीचा आला आहे: पाऊण इंच, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच आणि सव्वा इंच. नुसतं "जीपचा शाफ्ट द्या" म्हटलं, तर चुकीचा माल घरी येतो.

परत जोडणं

सील आणि गॅस्केट नवीनच घ्यायची. सुया ग्रीसमध्ये चिकटवून गिअरमध्ये रचायच्या. गिअरएवढ्या लांबीचा लाकडी दांडका आत ठेवला, की सुया पडत नाहीत. खरा शाफ्ट मागून सरकवला की दांडका पुढून बाहेर पडतो. वायसरही ग्रीसने चिकटवायचे आणि त्यांचा कान पेटीतल्या खाचेत बसला, हे पाहायचं.

मागच्या झाकणाखाली पातळ शिम असतात. त्यांच्यावर बाहेर जाणाऱ्या शाफ्टची पुढे-मागे हालचाल ठरते. ती ०.१० ते ०.२० मिलिमीटर हवी. घट्ट झाली तर बेरिंग तापून जळतं, सैल राहिली तर ठोकत राहतं. हे अंदाजाने ठरवायचं नाही. फिटरला डायल गेज लावायला सांगा आणि काटा स्वतः पाहा.

झाकण लावण्याआधी सगळे शाफ्ट हाताने फिरवून पाहा, प्रत्येक गिअर टाकून पाहा. पेटी चढवल्यावर ९० नंबरचं गिअर ऑइल भरायचं. साधारण दीड लिटर लागतं, पण खरं माप म्हणजे भरायच्या भोकाच्या काठापर्यंत. पहिली फेरी रिकाम्या जीपची आणि सपाट रस्त्यावरची. परत आल्यावर गळती पाहा, बोल्ट पुन्हा आवळा आणि हँडब्रेक धरतो का ते तपासा. तोवर जीपमध्ये माणूस बसवायचा नाही.

शेवटी चालवणाऱ्याला एक सांगणं. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून ठेवू नका. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि ताण सुटतो. डांबरावर तो सुटत नाही, तो पेटीच्या दातांवर जातो.

हे सगळं प्रत्येकीने स्वतः करावं, असं आमचं म्हणणं नाही. काम मिस्त्रीकडे दिलं तरी चालेल. पण पेटी आपल्यासमोर उघडायला सांगा, काढलेले भाग मागून घ्या, शाफ्टवरून स्वतःचं नख फिरवा आणि मग पैसे मोजा. गटाच्या वहीत जीपसाठी एक पान ठेवा. ऑइल कधी बदललं, सील कधी टाकलं, ते त्यावर लिहा. पुढच्या वेळी "अख्खी पेटी गेली" असं कोणी म्हटलं, तर ते पान उघडून विचारा, "यातलं नेमकं काय गेलं?"